पुण्याचा प्लेग, १८९७: लोक नियम का मोडत होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोनाच्या काळात ‘लोकांना कळत कसं नाही?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईतले इंग्रज अधिकारीही हेच विचारत होते. १८९७ च्या पुण्याबद्दल शाळेत आपण रँड आणि चापेकर एवढंच शिकतो. ज्यांच्या घराच्या झडत्या झाल्या त्या माणसांनी काय केलं आणि का केलं, हे मागेच राहतं. विद्यार्थी, शिक्षक आणि आरोग्य खात्यात काम करणारे मित्र याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

ही साथ आली कुठून?

१८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. तिथून जहाजांबरोबर तो मुंबईला पोचला असं मानलं जातं. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात पहिले रुग्ण ओळखले. मांडवी बंदराला लागून होती, धान्याच्या कोठारांनी भरलेली होती, आणि कोठारं म्हटली की उंदीर आलेच. हिवाळ्यात लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले आणि त्या गर्दीबरोबर आजारही निघाला. १८९७ उजाडलं तेव्हा पुण्यात माणसं मरायला लागली होती. पुढच्या पंचवीस वर्षांत भारतात प्लेगने एक कोटीहून जास्त बळी घेतले.

सरकारने कोणते नियम केले?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुढच्या महिन्यात पुण्यासाठी प्लेग समिती नेमली गेली आणि अध्यक्षपदी सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड आला. त्याच्या हाताखाली लष्कर दिलं गेलं. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत शहरात घराघराची झडती चालली. शिपाई घरात शिरत, माळे, कोनाडे, देवघर, माजघर सगळं बघत. ताप किंवा गाठ असलेला माणूस सापडला की त्याची रवानगी संगमाजवळच्या रुग्णालयात, आणि घरातली बाकीची माणसं स्वारगेटच्या छावणीत. घर धुऊन काढायचं, चुना लावायचा, अंथरुणं आणि कपडे जाळायचे. कौलं काढून छपरं उघडी करायची, म्हणजे ऊन आत येईल. मृत्यूची नोंद केल्याशिवाय अंत्यसंस्कार करायचे नाहीत. रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी वेगळीच.

मग लोकांनी नेमकं काय केलं?

बहुतेकांनी दंगा केला नाही. त्यांनी लपवलं.

तापाने फणफणलेल्या माणसाला माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत ठेवलं. झडती या आळीत आली की त्याला त्या आळीतल्या नातेवाइकाकडे हलवलं. मृत्यू झालाच तर दुसराच आजार सांगितला, कुठे प्रेत रात्रीत गुपचूप पुरलं. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. अर्ज-विनंत्याही झाल्या: सरदार नातूंसारख्या वजनदार माणसांनी झडत्यांविरुद्ध तक्रारी केल्या, आणि पुढे रँडच्या खुनानंतर त्याच नातू बंधूंना खटला न चालवता १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली अटकेत टाकलं गेलं.

मुंबईत उघड संघर्षही झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासायला तुकडी गेली आणि दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली.

लोक अडाणी होते म्हणून हे झालं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर मला सावकाश द्यायचं आहे, कारण इथेच आपण पुन्हा पुन्हा चुकतो.

१८९७ मधल्या एका पुणेकर बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मुलाला ताप आला आहे, जांघेत गाठ आहे. हा गाठीचा ताप आहे हे तिला चांगलं कळतं, शेजारच्या वाड्यात गेल्याच आठवड्यात तेच झालं आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. कळवलं तर मुलगा रुग्णालयात जाणार. तिथे प्लेगवर औषध नाही, कारण तेव्हा ते जगात कुठेच नव्हतं. दाखल होणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त परत येत नव्हते. तिला त्याच्याजवळ बसता येणार नाही, पाणी कोण पाजेल माहीत नाही, गेला तर शेवटचं तोंड दिसेल की नाही तेही माहीत नाही. ती आणि बाकीची मुलं छावणीत जाणार. नवऱ्याचा रोजगार बुडणार. मागे घराचं दार उघडं, अंथरूण-पांघरूण जाळलेलं, भांडीकुंडी आणि किडूकमिडूक जागेवर असेल याची खात्री नाही. लपवलं तर? मुलगा कदाचित मरेल, पण तिच्या मांडीवर.

ती काय निवडेल हे कळायला कुणाच्या अडाणीपणाचा आधार घ्यावा लागत नाही. नियमाचा फायदा शहराला होणार होता, निदान तसा हेतू होता. त्याची सगळी किंमत मात्र त्या एका घराने मोजायची होती, आणि तिच्या बदल्यात त्या घराला काहीही मिळत नव्हतं. उपचार, पोटापाण्याची सोय, नुकसानीची भरपाई यातलं काहीच हाती येत नव्हतं, साधी मायेची वागणूकसुद्धा नाही. माणूस आजाराला भीत होता आणि दारात येणाऱ्या तुकडीलाही भीत होता. या दोन भीतींत तुकडीची भीती मोठी ठरली की तो आजार लपवतो. माझ्या वाचनात आलेल्या जवळपास प्रत्येक साथीत हेच घडलेलं दिसतं.

शिकलेली माणसंही तसंच वागत होती हे विसरू नये. पुण्यातले वकील, सरदार, नोकरदार यांनीही नातेवाईक लपवले किंवा शहर सोडलं.

पण हेतू तर चांगला होता ना?

रोग थांबवणं हा एक हेतू होता. दुसरा हेतू व्यापाराचा होता. मुंबईतून प्लेग युरोपात पोचेल या धास्तीने युरोपीय देश हिंदुस्थानच्या मालावर आणि जहाजांवर बंदी घालण्याच्या बेतात होते. लवकर काहीतरी कडक करून दाखवणं सरकारला भाग होतं. ही घाई लोकांना दिसत होती. जो राज्यकर्ता दुष्काळात शेतसारा सोडत नाही, तो एकाएकी आपल्या जिवासाठी एवढा धडपडतो आहे यावर विश्वास ठेवणं सोपं नव्हतं. आणि १८९६-९७ हे दुष्काळाचंच वर्ष होतं.

माणूस कोण नेमला यालाही महत्त्व होतं. रँड आधी सातारा जिल्ह्यात होता. वाईला मिरवणुकीतल्या वाद्यांच्या प्रकरणात त्याने तिथल्या प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात घातलं होतं. पुण्यात तो आला तेव्हा ही कीर्ती त्याच्या आधी पोचलेली होती.

स्त्रियांच्या तपासणीवरून एवढा क्षोभ का झाला?

प्लेगची गाठ जांघेत, काखेत किंवा मानेत येते. ती बघायची म्हणजे कपडे बाजूला करावे लागणार. हे काम गोऱ्या शिपायांच्या उपस्थितीत, कधी घरात, कधी अंगणात, कधी रस्त्यावर चालत असल्याच्या तक्रारी त्या काळच्या वर्तमानपत्रांत सतत छापून येत होत्या. सरकारचं म्हणणं होतं की शिपाई सभ्यपणे वागत होते.

सनातनी लोकांचा हा कांगावा होता असं कुणी म्हणालं, तर पंडिता रमाबाईंकडे बघावं. त्या ख्रिस्ती झालेल्या, सनातन्यांच्या कट्टर टीकाकार. त्यांनीही १८९७ मध्ये प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल, आपल्या आश्रमातल्या एका मुलीची तिथे काय परवड झाली याबद्दल उघड पत्र लिहिलं. मुंबईच्या गव्हर्नरने ते खोडून काढलं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं प्रकरण तर फारच वेदनादायक आहे. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. एकही माणूस पुढे येऊन साक्ष द्यायला तयार झाला नाही. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. घडलं होतं की नाही, हे त्यामुळे कधीच ठरलं नाही. मला यातून एवढं दिसतं की जिथे तक्रार करायला सुरक्षित जागा नसते, तिथे खरं आणि ऐकीव यांची सरमिसळ होते, आणि मग सरकार खऱ्यालाही ऐकीव म्हणून मोकळं होतं.

अफवांचं काय? त्या तर निव्वळ खोट्या होत्या.

खोट्याच होत्या. रुग्णालयात माणसाला उलटं टांगून खाली जाळ करतात आणि मोमियाई, म्हणजे माणसाच्या शरीरातलं औषधी तेल, काढतात, अशी अफवा मुंबईत जोरात होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. त्या अपमानाचा बदला म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत, असंही लोक बोलत. लस आली तेव्हा सुई गजभर लांब असते आणि टोचून घेणारा सहा महिन्यांत मरतो किंवा नपुंसक होतो, असं पसरलं.

पण या अफवा जरा जवळून बघा. प्रत्येकीत एकच गोष्ट आहे: ते आपलं शरीर नेतात, त्याचं काय करतात ते आपल्याला कळत नाही, आणि तो माणूस परत येत नाही. रुग्णालयात नातेवाइकांना जाऊ देत नसताना या समजुतीला खोडणारं लोकांच्या डोळ्यांसमोर काय होतं? अफवेला ‘मूर्खपणा’ म्हणून धिक्कारणारा अधिकारी तिला आणखी बळ देतो. रुग्णालयाचं दार उघडून ‘या, बघा’ म्हणणारा तिला संपवतो.

जातीपातीमुळे लोकांनी विरोध केला हे खरं आहे का?

हो, काही प्रमाणात खरं आहे, आणि त्यावर पांघरूण घालू नये. एकाच खोलीत सगळ्या जातींचे रुग्ण, कुणाच्याही हातचं पाणी, हे अनेक सवर्णांना मरणापेक्षा वाईट वाटत होतं. छावण्यांबद्दलच्या तक्रारींत हा सूर स्पष्ट ऐकू येतो. हा विरोध न्याय्य नव्हता. त्याला अस्मितेचं नाव देऊन गौरवणंही मला मान्य नाही.

याच शहराच्या वेशीवर त्याच महिन्यांत दुसरंही काही घडत होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला. ज्यांच्या वस्तीत कुणी पाऊल ठेवत नव्हतं अशांना सावित्रीबाई स्वतः घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, आणि त्या सेवेत त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडची झडती सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. या दवाखान्यात कुणाला संगिनीच्या धाकावर आणावं लागलं नाही.

निदान शास्त्राच्या दृष्टीने तरी नियम बरोबर होते का?

बरेचसे नव्हते. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे माहीत नव्हतं. अस्वच्छ हवा, घाण, जमीन, गटारं यांना दोष दिला जात होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवरच्या पिसवा हा दुवा दाखवून दिला, आणि तेही मान्य व्हायला काही वर्षं गेली.

म्हणजे १८९७ मध्ये गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतून आणि घरं पाण्याने धुऊन काढताना उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात हाकलले जात होते. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा थेट होत नाही. त्यामुळे रुग्णाला घरातून ओढून नेण्याचा उपयोगही मर्यादितच होता. मे महिन्यात पुण्यातली साथ ओसरली तेव्हा समितीने श्रेय घेतलं. उन्हाळ्यात प्लेग ओसरतोच. पावसाळ्यानंतर तो परत आला आणि पहिल्यापेक्षा मोठा आला.

अधिकाऱ्यांना तेव्हा जे माहीत होतं त्यावर ते वागले, याचा दोष मी त्यांना देत नाही. माहीत नसताना पूर्ण खात्रीने बोलणं आणि शंका विचारणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं, हा दोष मात्र त्यांचाच.

टिळकांनी लोकांना नियम मोडायला सांगितलं का?

नाही. साथीच्या काळात टिळक पुण्यातच राहिले. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ‘केसरी’तून कडक टीका केली. स्वच्छता आणि रुग्ण वेगळा ठेवणं गरजेचं आहे हे त्यांना मान्य होतं. हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि तिथे लोक रुग्णांना आणत होते. त्यांचा रोख अंमलबजावणीवर होता: लष्कर, अरेरावी, ऐकून न घेणं. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तो खटला जूनमध्ये ‘केसरी’त आलेल्या शिवोत्सवाच्या मजकुरावरून होता. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला.

आणि रँडचा खून?

२२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँड गणेशखिंडीतून परतत असताना चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचा साथीदार महादेव रानडे या चौघांना फाशी झाली. झडत्यांचा संताप हे तात्कालिक कारण होतं, पण चापेकरांचा इंग्रजी राज्यावरचा राग त्याहून जुना होता. सामान्य पुणेकराचा प्लेगच्या नियमांना विरोध आणि चापेकरांचा हल्ला या दोन गोष्टी एकच समजल्या, की ती रुग्ण लपवणारी बाई इतिहासातून पुसली जाते.

सक्ती सैल केल्यावर काय झालं?

या पानावरचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं उत्तर हे आहे.

मुंबईत याची चुणूक आधीच दिसली होती. ६ ऑक्टोबर १८९६ ला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने हलवण्याचा आदेश काढला, आणि महिनाअखेर त्याची धार बोथट करावी लागली. त्यांना भीती होती ती सफाई कामगारांची. ते घाबरून शहर सोडून गेले असते तर मुंबई काही दिवसांत राहण्यालायक उरली नसती. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्यांच्या जाण्याच्या शक्यतेने आदेश नरम झाला.

पुढे मुंबईत वेगवेगळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालयं काढू दिली. ओळखीचे वैद्य-डॉक्टर, ओळखीचं अन्न, जवळ बसायला घरचं माणूस. जे लोक सरकारी रुग्णालयातून पळत होते, त्यांच्यातलेच इथे आपल्या पायांनी येऊ लागले. १८९८ च्या दंगलीनंतर तर झडत्यांची पद्धतच मागे पडत गेली. स्थानिक पुढारी आणि स्वयंसेवक बरोबर घेणं, पटवून देणं यावर भर आला.

आणि गावांत? महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पणजोबा-पणजीच्या आठवणी सांगितल्या जातात: घरात उंदीर पडायला लागले, की सगळं गाव उठून रानात, माळावर झोपड्या घालून राहायला जायचं. दोन-चार महिने तिथेच, पिकं आणि गुरं तिथूनच सांभाळायची. पाऊस-थंडीचे हाल काढून, घरदार मागे टाकून. छावणीत नेऊ पाहणाऱ्या तुकडीपासून लपणारी माणसं हीच होती. फरक एवढाच की या वेळी कधी निघायचं, कुणाबरोबर राहायचं, रोजचं काम कसं चालू ठेवायचं हे त्यांनी ठरवलं होतं. आणि हा उपाय खरंच लागू पडत होता, कारण पिसवा आणि उंदीर मागे गावात राहत होते. लोक त्रास सोसायला तयार नव्हते, असं हे बघितल्यावर कुणाला म्हणता येईल का?

लशीला विरोध झाला होता का?

झाला, आणि स्वीकारही झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी चारचौघांत लस घेतली आणि त्यांच्या खोजा अनुयायांनी मोठ्या संख्येने ती घेतली. लस सक्तीची नव्हती, हेही तिच्या बाजूने गेलं.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. एक बाटली उघडताना दूषित झाली होती. हाफकिन यांना दोषी धरून बाजूला केलं गेलं, १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. या पाच वर्षांत लशीवरचा लोकांचा विश्वास किती ढासळला असेल याची कल्पना करता येते. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं.

१८९७ चा कायदा अजून आहे?

आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनाचे नियम याच कायद्याखाली काढले. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकार हवे ते उपाय करू शकेल, मोडणाऱ्याला दंड संहितेखाली शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी कडक शिक्षेची भर पडली. ती आवश्यकच होती. पण ज्याला घरात बसवलं त्याची चूल कशी पेटेल, याबद्दल या कायद्यात आजही एक ओळ नाही.

२०२० मध्येही तेच घडलं का?

काही ठिकाणी तेच घडलं. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढल्यावर वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले. गाड्या सुटणार अशी अफवा होती. टीव्हीवर त्यांना बेजबाबदार म्हटलं गेलं. एका खोलीत आठ-दहा जण, मजुरी बंद, खानावळ बंद. ‘घरात राहा’ हा नियम पाळायला त्यांच्याकडे घरच नव्हतं. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे ते पायी निघाले होते. त्यांनी नियम मोडला होता, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

दुसरीकडे धारावी बघा. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखोंची वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. तिथे महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, तापाची शिबिरं घेतली, विलगीकरणात जेवण आणि उपचार दिले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

आणि आषाढी वारी. शतकांची परंपरा, लाखोंचा समुदाय. त्या वर्षी पालखी सोहळ्यांनीच चर्चेत भाग घेऊन मार्ग काढला: संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिले. लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. श्रद्धाळू माणूस नियम पाळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निर्णयात तो असला तर स्वतःचं सगळ्यात प्रिय तेही बाजूला ठेवतो.

हा सगळा परक्या सत्तेचा आणि गरिबीचा प्रश्न नाही का?

नाही. १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इन्फ्लुएन्झाच्या साथीत मास्कच्या सक्तीविरुद्ध रीतसर संघटना उभी राहिली होती; तिथे सत्ता परकी नव्हती आणि लोक उपाशीही नव्हते. त्या विरोधाचं मी समर्थन करणार नाही, कारण मास्कची किंमत फार थोडी होती. ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी लायबेरियाच्या राजधानीतली वेस्ट पॉइंट वस्ती सैन्याने रातोरात वेढली. लोक तारांवर धावून गेले, गोळीबारात एक मुलगा मेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. अंत्यसंस्कारात कुटुंबाला सन्मानाने, सुरक्षित अंतरावरून सहभागी होऊ द्यायला सुरुवात झाली तेव्हा लोक प्रेतं लपवेनासे झाले.

म्हणजे नियम मोडणाऱ्यांचं बरोबर होतं, असं तुमचं म्हणणं आहे का?

सरसकट नाही. लपवलेल्या रुग्णापासून दुसऱ्यांना धोका होता, विशेषतः फुप्फुसाच्या प्लेगमध्ये, जो खोकल्यातून पसरतो. पळून जाणाऱ्यांनी साथ गावोगाव नेली. २०२० मध्ये ज्यांची पोटं भरलेली होती, ज्यांना राहायला चार खोल्या होत्या, त्यांनी गुपचूप लग्नं आणि पार्ट्या केल्या; त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती नाही. नियम मोडणारा कोण, आणि पाळला असता तर त्याचं काय गेलं असतं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणालाच बरोबर किंवा चूक म्हणणार नाही.

आमच्या घरातले ज्येष्ठ किंवा गावातले लोक साथीत ऐकत नसतील, तर काय करावं?

आधी विचारा की कशाची भीती वाटते. बहुतेक वेळा उत्तर आजारापलीकडचं असतं: दवाखान्यात एकटं पडेन, पैसे जातील, गावात नाव होईल, गुरांना कोण बघेल. त्या गोष्टीची सोय आधी करा, उपदेश नंतर. गुरांना वैरण घालायला शेजाऱ्याला सांगून ठेवा. दवाखान्यात फोन चालू राहील याची खात्री करून द्या. ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे अशा माणसाला, मग ती आशाताई असो, जुने डॉक्टर असोत की भजनी मंडळातले बुवा, बोलायला बोलवा. आणि जे आपल्यालाच नक्की माहीत नाही ते ‘नक्की’ म्हणून सांगू नका. उद्या सल्ला बदलला, तर कालचा का बदलला हेही त्यांना सांगा.